‘दोघांचं यीस्ट एकच का, एवढंही सांगता येत नाही?’ या रिव्ह्यूला लॅबचं उत्तर

नमस्कार. वडील आयसीयूत असताना रिपोर्टच्या एकेका शब्दावर जीव टांगलेला असतो, त्यामुळे तुमचा राग मी समजू शकते. त्यांच्या रिपोर्टमधला कुठलाही तपशील मी इथे उघड लिहिणार नाही. तुम्ही स्वतः जे लिहिलंत, तेवढ्यापुरतंच बोलते.

तुमची तक्रार अशी: आधी नुसतं ‘यीस्ट’ (एक प्रकारची बुरशी) कळवलं, काही दिवसांनी ‘कॅन्डिडा ऑरिस’ हे त्या यीस्टच्या प्रजातीचं नाव. शेजारच्या खाटेवरच्या रुग्णालाही तेच निघालं. दोन्ही रिपोर्टमध्ये औषधांचे निकालही सारखे, तरी ‘लागण तिथूनच झाली’ हे लिहून द्यायला आम्ही नकार दिला.

उशिराचं कारण छोटं आहे. ब्लड कल्चरची (रक्तातले जंतू वाढवून पाहायची) बाटली पॉझिटिव्ह आली की ग्रॅम स्टेनमध्ये, म्हणजे रंग लावून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर, यीस्ट दिसतं, आणि ते लगेच डॉक्टरांना कळवावंच लागतं. नाव मात्र प्लेटवर वाढ झाल्यावर ठरतं. जुन्या बायोकेमिकल पद्धती ऑरिसला ‘हेम्युलोनाय’ ही जवळची दुसरी प्रजाती ठरवून मोकळ्या व्हायच्या. म्हणून आम्ही माल्डी-टॉफ या यंत्रावर प्रथिनांचा नमुना पाहूनच नाव देतो.

लिहून का दिलं नाही, हे जरा सविस्तर सांगायला हवं. माल्डी-टॉफ प्रजाती सांगतं. एकाच प्रजातीतले स्ट्रेन (उपप्रकार) वेगळे करायला त्यावर भरवसा ठेवता येत नाही. आणि औषधांचे निकाल जुळले म्हणून स्ट्रेन एक ठरत नाही. बहुतेक ऑरिस फ्लुकोनॅझोल या बुरशीविरोधी औषधाला दाद देत नाही, त्यामुळे एकमेकांशी काही संबंध नसलेल्या दोन रुग्णांचे रिपोर्टही सारखेच दिसतील. भारतात सापडणारं ऑरिस तर बहुतांशी दक्षिण आशियाई या एकाच जनुकीय गटातलं, आणि या गटातल्या स्ट्रेनमध्ये मुळात फरक फार थोडे. ते शोधायला डीएनएकडेच जावं लागतं: मायक्रोसॅटेलाइट टायपिंगमध्ये डीएनएचे ठरावीक छोटे तुकडे लागोपाठ किती वेळा आलेत ते मोजतात, आणि होल जीनोममध्ये (संपूर्ण डीएनए वाचताना) सव्वा कोटीच्या आसपास अक्षरं वाचून एकेका अक्षराचा फरक पाहतात. दोन्हींसाठी दोन्ही रुग्णांचे आयसोलेट, म्हणजे त्यांच्या नमुन्यातून वेगळं करून वाढवलेलं यीस्ट, लागतात.

एवढं करूनही कोणाकडून कोणाला गेलं, हे जीनोम एकटा सांगत नाही. ऑक्सफर्डच्या न्यूरो आयसीयूत 2015 ते 2017 या काळात 70 रुग्णांमध्ये ऑरिस सापडलं होतं. तिथे जीनोम आणि रुग्णांच्या नोंदी एकत्र ताडून पाहिल्या, तेव्हा संशय शेजारच्या खाटेवर नाही, तर काखेत लावायच्या, पुन्हा पुन्हा वापरल्या जाणाऱ्या तापमान-प्रोबवर आला. अंदाजाने ‘एकच’ लिहून दिलं असतं, तर एका आजारी माणसावर विनाकारण बोट रोखलं गेलं असतं आणि खरी जागा तपासायची राहिली असती. असा कागद मी कोणालाही देणार नाही, कितीही वाईट रिव्ह्यू आला तरी.

फी कल्चर, ओळख आणि औषध-चाचणीची होती. टायपिंगचे पैसे आम्ही घेतलेले नाहीत, कारण ती तपासणी आमच्याकडे होत नाही.

तुमचा प्रश्न मात्र अगदी योग्य आहे आणि तो हॉस्पिटलच्या इन्फेक्शन कंट्रोल कमिटीपुढे लेखी जायला हवा. रक्तात सापडलेलं ऑरिस आम्ही ग्लिसरॉलमध्ये उणे 70 अंशांवर जपून ठेवतो. कमिटीचं किंवा उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं पत्र आलं की आयसोलेट संदर्भ प्रयोगशाळेकडे पाठवू, पाठवणीचा खर्च आमचा. दुसऱ्या रुग्णाच्या आयसोलेटसाठी त्यांच्या घरच्यांची संमती लागेल. ती कमिटीनेच मागावी, तुम्ही त्यांच्याशी परस्पर बोलू नका. पत्र माझ्या नावाने काउंटरवर द्या आणि रुग्णाचं नाव किंवा नंबर इथे कमेंटमध्ये टाकू नका.