पिशवीच नाही, तर मोजणार काय?

नाना आले तेच मोबाईल नाचवत. सोलापुरात सात रस्त्याजवळच्या आमच्या कट्ट्यावर अजून चहासुद्धा आला नव्हता.

"वाचा की हे! बायकांच्या कॅन्सरमध्ये अख्ख्या देशात सगळ्यात खाली कोण? आमचं धाराशिव आन् बीड. लाखाला ४९.४! आन् तुमची ती मुंबई, दुपटीच्या वर!" बोट पक्याकडे. पक्याची सासुरवाडी दादरला, एवढ्या भांडवलावर नाना बारा वर्षं त्याला मुंबईकर म्हणतात.

आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या कॅन्सर नोंदणीचा तो अहवाल, २०१२ ते २०१६ चा. वर अरुणाचलातला पापुम पारे, २१९.८. तळाला आमचे शेजारी. हे आकडे सगळ्यांच्याच ग्रुपवर फिरून झाले होते, पण नानांना ते त्या दिवशी पोचले आणि जिल्ह्याला पदक मिळाल्यासारखे ते आले.

"चौपटीहून जास्त फरक हाय. पाणी लागतं त्याला, पाणी! ज्वारीची भाकरी, ठेचा, उन्हातानात काम. आमच्या बायका लई काटक. कॅन्सर त्यांना बघून पळतो."

सिस्टर काही बोलल्या नाहीत. बीड जिल्ह्यातल्या आरोग्य केंद्रांत त्यांची सव्वीस वर्षं गेली आहेत, रिटायर होऊन त्या लेकाकडे सोलापूरला आल्या. त्या गप्प बसल्या की मास्तर आपला चष्मा पुसायला घेतात. पुढे काय होणार ते त्यांना ठाऊक असतं.

"नाना," मास्तर म्हणाले, "आधी एक बघ. हा मरणाचा आकडा नाही. वर्षाला लाख बायकांत नवीन किती सापडल्या, त्याचा आहे. गेल्या किती, ते निराळं."

"मग गेल्या त्या त्याहून कमीच असणार की! सोपं गणित हाय."

"तुझं सोपं गणित भिशीत बघितलंय सगळ्यांनी."

झालं. भिशीचा विषय निघाला की दहा मिनिटं गेली. १९९८ साली नानांकडे हिशेब होता आणि शेवटच्या महिन्यात अकराशे रुपये जमेना. नानांच्या मते ते पक्याच्या वडिलांकडे राहिले, पक्याच्या मते नानांच्या नव्या सायकलीत. सायकल अजून आहे, नाना अजून तीच वापरतात. शेवटी चहा आला म्हणून सुटका झाली.

पक्यानं मुंबईची बाजू लावून धरली. "तिकडं लोक जास्त जगतात. म्हाताऱ्या बायका जास्त, म्हणून आकडा फुगतो."

"ते धरूनच काढलाय," मास्तर म्हणाले. "वय वाढलं की कॅन्सर वाढतो, म्हणून प्रत्येक ठिकाणची माणसं एकाच मापाच्या वयोगटांत बसवून मग दर काढतात. ४९.४ तसा बसवलेला आहे. नाहीतर केरळ आणि बिहार शेजारी ठेवून काय कळणार? तेव्हा वयाचं निमित्त नाही चालणार, पक्या."

"बघा! मास्तरच बोलले!" नाना उसळले. "आमच्या गावात तर पाच वर्षांत एक बाई कॅन्सरनं गेलेली नाही."

"गावात बायका किती?"

"असतील हजारेक."

"समज, लाखाला पन्नास हा मरणाचा दर आहे. मग हजार बायकांच्या गावात दोन वर्षांत सरासरी एक. पाच वर्षांत दोन-तीन. त्या निव्वळ योगायोगानं शून्य होतात आणि शेजारच्या गावात पाच होतात. नकाशावर तू हिरवा, ते गाव लालभडक. पुढच्या पाच वर्षांत उलटं. लहान गावं, लहान तालुके नकाशाच्या दोन्ही टोकांना दिसतात ते याच कारणानं. त्यात ना पाण्याचा गुण, ना भाकरीचा."

हे मला फार पटलं. आपण तालुक्यातालुक्यांची नावं वाचत सुटतो, कुणाला शाबासकी देतो, कुणाच्या पाण्यात विष शोधतो आणि आकडा किती माणसांवर उभा आहे ते विचारत नाही.

"पण बीड आणि धाराशिव लहान नाहीत," सिस्टर म्हणाल्या. चष्मा पुसणं थांबलं. "दोन अख्खे जिल्हे आहेत. तिथं मास्तरांचं नाणं उडवणं नाही चालायचं. नाना, कॅन्सर नाही हो पळत. बाई दवाखान्यापर्यंत पोचत नाही."

"म्हणजे आमचा आकडा खोटा?"

"सगळा नाही. लवकर बाळंतपण, जास्त मुलं, दोन-दोन वर्षं अंगावर पाजणं, यानं स्तनाचा कॅन्सर खरंच कमी होतो. मुंबईत तो जास्त आहे, त्यात हेही एक कारण. तेवढं तुमचं. पण सापडायला कुणीतरी शोधावं लागतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कौटुंबिक आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या बायकांना विचारलं होतं, गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी कधी केली का? जन्मात एकदा तरी? देशभरात हो म्हणाल्या १.९ टक्के. शंभरात दोघीसुद्धा नाहीत."

"न सापडता मेली तर मरणाच्या नोंदीत येईलच की," नाना म्हणाले. हा त्यांचा त्या संध्याकाळचा एकमेव बरा प्रश्न.

"कोण लिहिणार? घरी गेली तर ग्रामपंचायतीत नाव लागतं, तारीख लागते. कारण? 'आजारी होती.' दवाखान्यात गेली तरी 'हृदयक्रिया बंद पडून'. अहो, मेल्यावर सगळ्यांचंच हृदय बंद पडतं, त्याला कारण म्हणतात का?"

मास्तरांनी भर घातली. २०२० मध्ये देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी डॉक्टरनं कारण लिहून दिलेले फक्त २२.५ टक्के. मुंबईत बहुतेक मृत्यूंना तसा कागद होतो, खेड्यात होत नाही. मग मुंबईचा आणि धाराशिवचा मृत्युदर शेजारी ठेवून आपण बायकांची तुलना करतो की कागदाची? बार्शीला १९८७ पासून कॅन्सरची नोंदणी आहे, खेड्यांसाठीची देशातली पहिली. बार्शी, परांडा, भूमच्या गावांत त्यांची माणसं दारोदार जाऊन विचारतात, कोण आजारी, कोण गेलं, कशानं. एवढं केल्याशिवाय खेड्यातली बाई आकड्यात येतच नाही.

"आणि जी सहा महिने ऊस तोडायला बाहेर असते," सिस्टर म्हणाल्या, "ती कुठल्या जिल्ह्यात मोजायची? दुखायला लागतं तेव्हा ती फडावर. सुट्टी घेतली तर मुकादम पैसे कापतो. बीडच्या त्या बायकांची २०१९ मध्ये सरकारी पाहणी झाली. ८२ हजारांवर बायका, त्यांतल्या १३ हजारांवर बायकांची पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढलेली. नाना, सांगा बरं, पिशवी काढली की बहुतेक वेळा तिचं तोंडही जातं. मग पिशवीच नाही, तर पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर मोजणार काय?"

कुणी काही बोललं नाही. मास्तरांनीच मग हळू आवाजात मांडलं. भागाकारात अंश म्हणजे ज्यांना रोग झाला त्या, छेद म्हणजे ज्यांना होऊ शकतो त्या. तोंडासकट पिशवी काढलेल्या बाईला तो रोग होऊच शकत नाही, तरी ती छेदात बसलेली. म्हणून दर कमी दिसतो, आणि ज्यांची पिशवी शाबूत आहे त्यांचा धोका झाकला जातो. अमेरिकेत २०१७ मध्ये हा छेद दुरुस्त करून पाहिला, तर कृष्णवर्णीय बायकांचा या कॅन्सरचा मृत्युदर लाखाला ५.७ वरून १०.१ वर गेला. बाया त्याच, मरणं तीच.

"अंश कुणी लिहीत नाही आणि छेद खोटा," सिस्टर म्हणाल्या. "असा आहे तुमचा पहिला नंबर."

मला माझी आत्या आठवली, आणि मी ते कट्ट्यावर पहिल्यांदाच सांगितलं. दोन वर्षं तिच्या अंगावरून जात होतं. पाळी जाऊन सात वर्षं झालेली, तरी लाल जायचं. घरात म्हणायचे, उष्णता आहे, सब्जा खा. तालुक्याच्या एका डॉक्टरनं आत न बघता तीनदा गोळ्या दिल्या. चौथ्या वेळी दुसरीकडे नेली, तेव्हा गाठ मूत्राशयापर्यंत गेली होती. चार महिन्यांत गेली. तिच्या मृत्यूच्या दाखल्यावर कारण आहे अशक्तपणा. माझ्या आत्यानं नानांच्या जिल्ह्याचा आकडा खाली ठेवायला मदत केली आहे, आणि त्या आकड्याचा कुणी अभिमान बाळगला की मला सहन होत नाही. मी तसं बोलले. नाना पहिल्यांदाच खाली बघत होते.

"आता तुमच्या जिल्ह्याची खरी अभिमानाची गोष्ट सांगते," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी मुद्दाम आवाज हलका केला, ते माझ्यासाठी होतं. "धाराशिवमध्येच, तेव्हाच्या उस्मानाबादेत, १९९९ पासून पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरवर मोठी चाचणी झाली. बार्शीचं कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा हॉस्पिटल आणि फ्रान्समधल्या लियाँची कॅन्सर संशोधन संस्था. ५२ गावसमूह, तीस ते एकोणसाठ वयाच्या सव्वा लाखाहून जास्त बायका. चार गट. एकाला एचपीव्हीची, म्हणजे ज्या विषाणूनं हा कॅन्सर होतो त्याची तपासणी, जन्मात एकदाच, आमच्यासारख्या नर्सनं नमुना घ्यायचा. एका गटाला नेहमीचीच सेवा. आठ वर्षं मागोवा घेतला. नेहमीच्या गटात या कॅन्सरनं ६४ गेल्या. एचपीव्हीच्या गटात ३४."

"आमच्याकडं झालं हे?" नाना.

"तुमच्याकडं. २००९ मध्ये छापून आलं, आज जगभर डॉक्टर त्याचा दाखला देतात. तुमच्या काटक बायकांनी जगाला शिकवलं की एका तपासणीनं मरणं निम्म्यावर येतात."

त्या ६४ जणींना तपासणी न देणं बरोबर होतं का, यावर तेव्हा वाद झाले होते. मास्तरांचं म्हणणं, तुलनेला गट लागतोच. माझं म्हणणं, सल आहे तो आहे. त्या गेल्या म्हणून कळलं, आणि कळूनही पुढं शंभरात दोघी. यावर आमचं दोघांचं जुळलं नाही, अजूनही जुळलेलं नाही.

"उद्या वहिनींना घेऊन या तपासणीला," सिस्टर नानांना म्हणाल्या. "मिश्री लावतात ना, तर तोंडही बघून घेऊ."

"तिला काय धाड भरलीय? एक दिवस आजारी नाही. आन् ती यायचीच नाही, लाजती."

"तुम्ही तंबाखू मळायला लाजत नाही, त्या तपासणीला कशाला लाजतील?"

"लाव फोन," पक्या म्हणाला, आणि नाना नको नको म्हणत असताना त्यांच्याच मोबाईलवरून त्यानं लावला. स्पीकरवर.

"वहिनी, पक्या बोलतोय. सिस्टर म्हणतायत, उद्या तपासणीला या. ती बायकांची."

"परत? अरे, माझी झाली की दोन वर्षांखाली. सिस्टरच घेऊन गेलत्या. हे पंढरपूरला गेलते तवा."

सिस्टर चहात बघत होत्या. दोन वर्षं त्या रोज नानांच्या शेजारी बसत होत्या.

"मला सांगितलं नाहीस?" नाना ओरडले.

"तुम्हाला सांगितलं असतं तर सात रस्त्यावरच्या सिग्नललाबी कळलं असतं! आन् ऐका, फ्रिजमागं तंबाखूची डबी घावलीय. सोडलीय म्हणत होता ना? आन् त्या भिशीचं अकराशे…"

पुढचं आम्हाला नीट ऐकूच आलं नाही, एवढे सगळे हसत होतो. मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी आलं, मी कितीतरी दिवसांनी पोट धरून हसले. नाना फोन कानाला लावून, पाठ फिरवून उभे होते आणि स्पीकर बंद करायचं बटण काही केल्या त्यांना सापडत नव्हतं.