गॅस कुणाला झालाय?

मेमोरियल डेच्या, म्हणजे मे-अखेरच्या, लाँग वीकेंडला कॅम्पिंग करून येऊन आज चार दिवस झाले, ट्रेलर ड्राइव्हवेवर उभाय, त्यातली अंथरुणं-पांघरुणं अजून काढायचीयेत, आणि मी अजूनही अंघोळ करताना तिथल्या शेजारच्या माणसाला उत्तरं देतोय. एकसे एक उत्तरं. तेव्हा एकही सुचलं नव्हतं.

तयारीचं थोडक्यात उरकतो कारण त्यात मजा काही नाही. मिशिगनमध्ये कॅम्पिंगचा सीझन मे-अखेर ते सप्टेंबरातला लेबर डे, बाकीचं वर्ष ही आरव्ही, म्हणजे हाच राहायचा ट्रेलर, नुसती उभ्याउभ्या पैसे खाते. ऑक्टोबरात पाइपातलं पाणी गोठून पाइप फुटू नयेत म्हणून त्यात गुलाबी अँटीफ्रीझ भरायचं, एप्रिल-मेमध्ये ते धुऊन काढायचं, मग टाकीत दर 15 गॅलनला पाव कप ब्लीच घालून रात्रभर ठेवायचं, ते परत धुवायचं, आणि वॉटर हीटरचा बायपास (अँटीफ्रीझ हीटरमध्ये जाऊ नये म्हणून असलेली आडवाट) आत्ता चालू आहे की बंद यावरून बायकोशी भांडायचं. यंदा सहा वेळा धुऊनसुद्धा पहिला चहा गुलाबी झाला. आई म्हणाली, "चहात रसना कुणी घातलं?" चहा फेकला, सातव्यांदा धुतलं.

गॅसची तयारी मात्र मी भक्तिभावाने करतो. प्रत्येक जॉइंटवर साबणाचं पाणी लावायचं, बुडबुडे येतात का बघायचं. आमच्याकडे सांगलीला सिलिंडरवाला वॉशरवर पाण्याचा थेंब टाकून हेच बघायचा आणि मी लहानपणी श्वास रोखून उभा असायचो. तो सिलिंडर 14.2 किलोचा. इथला 20 पौंडी म्हणजे 9 किलो, दिसायला गुटगुटीत बाळासारखा. निघायच्या आदल्या दिवशी मी तीनदा साबण लावला. हे लक्षात ठेवा, पुढे लागणारे.

दुसरी पार्श्वभूमी अशी की आमच्या ट्रेलरमध्ये फोडणीला बंदी आहे. 25 फुटी डबा, त्यातच गाद्या, पडदे, सोफा. एकदा आत मासे तळले होते तर पुढचा सगळा उन्हाळा आम्ही त्या सुरमईच्या पोटात झोपत होतो. तेव्हापासून नियम झाला, खिचडी-भात आत इन्स्टंट पॉटमध्ये (तेही एसी बंद करून, नाहीतर 30 अँपचा ब्रेकर पडतो) आणि तेलाचं, फोडणीचं, खमंग असं जे काही असेल ते बाहेर ग्रिडलवर. ग्रिडल म्हणजे आपला चौकोनी तवा, एका वेळी सहा थालीपिठं लागतात. मला ते यंत्र फार आवडतं. बिडाच्या तव्यावर माझ्या आजीने एकेक करून जन्मभर जे केलं ते मी इथे हाफ पँट घालून सहाच्या पटीत करतो.

तर शनिवार संध्याकाळ, लेक मिशिगनच्या काठचा एक कॅम्पग्राउंड, साडेसात वाजलेले, लख्ख ऊन. एका बाजूला थालीपिठं लावलेली, दुसऱ्या बाजूला कढल्यात तेल. मोहरी तडतडली, हिंग घातला. आई सहा महिन्यांसाठी आलीये आणि तिचा हात जवळपास असला की हिंग चिमूटभर न राहता चमचाभर होतो, हे मान्य करतो. वास आला. चांगला वास आला! घरी आल्यासारखं वाटलं.

आणि पलीकडच्या साइटवरून आवाज आला, "गॅस!"

आता यांच्याबद्दल सांगायला पाहिजे. सत्तरीचे गृहस्थ, आमच्या घराएवढा फिफ्थ व्हील, म्हणजे पिकअप ट्रकच्या पाठीवर अडकवून ओढायचा, ट्रेलर, त्यावर झेंडा, झेंड्याखाली दिव्यांची माळ, माळेखाली स्वेटर घातलेला कुत्रा. आम्ही शुक्रवारी ट्रेलर रिव्हर्स घेत होतो तेव्हा ते खुर्ची आमच्या दिशेला वळवून, मांडीवर ताटली घेऊन, सिनेमा बघावा तसे बघत बसले होते. नाव सांगितलं होतं त्यांनी, पण आमच्यात गंधे आडनाव असतं ना, मी मनात तेच ठेवलंय. तर गंधेकाका धावत आले. धावत म्हणजे त्या वयाला जमेल तितकं. आले ते सरळ आमच्या पिकनिक टेबलापाशी गवतावर पालथे झोपले.

मला वाटलं हार्ट अटॅक. मी झारा टाकला. तर त्यांनी एक बोट वर केलं, थांब म्हणून, आणि गवताचा वास घ्यायला लागले. प्रोपेन हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो, म्हणून खाली हुंगायचं. हे त्यांनी मला झोपल्याझोपल्याच समजावलं. सरपटत सरपटत ते सिलिंडरपर्यंत गेले, तिथून माझ्या चपलांपर्यंत आले, चपलांपाशी जरा जास्तच थांबले. मागे तो कुत्रा येऊन त्यांना हुंगायला लागला. माझा 14 वर्षांचा मुलगा तोवर ट्रेलरमध्ये जाऊन पडदा ओढून बसला होता.

"यू गॉट अ लीक, बडी," काका उठून म्हणाले. "मी 31 वर्षं गॅस कंपनीत होतो. या नाकाने मी अर्धं शहर वाचवलंय."

मी म्हटलं, लीक नाहीये, हा मसाला आहे.

"मसाला असा नसतो."

आता यावर काय बोलणार? मी हिंगाची डबी आणून दाखवली. त्यांनी चष्मा वर करून वाचलं, "एल. जी. म्हणजे टीव्हीवाली?"

"नाही, हे मुंबईवाले, जुने आहेत, हिंगच करतात."

"एल... पी... जी," ते हळूच म्हणाले, मधला पी स्वतःच्या पदरचा घालून, आणि माझ्याकडे असं बघितलं की बघ, डबीवरच लिहिलंय.

मी डबी उघडून त्यांच्या नाकाखाली धरली. ही चूक झाली. काका दोन पावलं मागे गेले, डोळ्यांत पाणी, आणि म्हणाले, "हे तुम्ही खाता? मुद्दाम?" मग लगेच, "पण लीक वेगळा आहे. हा वेगळा वास, तो वेगळा वास. मला दोन्ही येतायत."

म्हटलं याला शास्त्र दाखवू. फोनवर हिंगाचं इंग्रजी नाव टाकलं आणि न बघताच फोन पुढे केला. पहिल्याच ओळीत इंग्रजांनी हिंगाला ठेवलेलं नाव, 'डेव्हिल्स डंग'. म्हणजे सैतानाचं शेण. काकांनी ते मोठ्याने वाचलं, मग बायकोला हाक मारून परत वाचलं.

खरं म्हणजे त्यांचं नाक अगदीच चुकीचं नव्हतं, हे मी घरी आल्यावर वाचलं आणि त्यामुळे जास्तच चिडलोय. प्रोपेनला स्वतःचा वास नसतो, लीक कळावा म्हणून त्यात मरकॅप्टन नावाचं गंधकाचं संयुग घालतात, आणि हिंगाचा उग्रपणाही गंधकाच्याच संयुगांमुळे. म्हणजे चुलत भावंडंच. गॅसला वास देण्याची सक्ती सुरू झाली ती टेक्सासमधल्या न्यू लंडनच्या शाळेत 1937 साली स्फोट झाला त्यानंतर. बिनवासाचा गॅस इमारतीखालच्या पोकळीत साचला होता, 300 च्या आसपास माणसं गेली, बहुतेक शाळकरी मुलं. त्यामुळे वास आला की ओरडावं, याबद्दल माझं काही म्हणणं नाही. ओरडून झाल्यावर समोरचा काय सांगतोय ते ऐकावं, एवढंच म्हणणं आहे.

तर "गॅस, गॅस" एवढं चाललंय तोवर आई खुर्चीतून उठून आली. आईला इंग्रजी येत नाही पण हा शब्द येतो.

"गॅस झालाय होय त्यांना?"

"नाही गं आई..."

"अरे मग हिंगच दे की. ताकात घालून. नाहीतर बेंबीला लाव म्हणावं, कोमट पाण्यात कालवून. बघ कसे वाकलेत."

काका म्हणाले, "व्हॉट डज शी से?"

मी म्हटलं, तिलाही काळजी वाटतेय.

तेवढ्यात गंधेकाकूंनी फोन केल्यामुळे कॅम्प होस्ट, म्हणजे कॅम्पग्राउंडची देखरेख करणारे, गोल्फ कार्टमधून आले. पिवळं जॅकेट, हातात क्लिपबोर्ड. मी सांगितलं, हे बघा, ट्रेलरमध्ये गॅस डिटेक्टर आहे, जमिनीलगत, तो गप्प आहे, म्हणजे लीक नाही. मला वाटलं इथे मी जिंकलो. काका शांतपणे म्हणाले, "तारीख बघ त्याच्यावर. ते एक्स्पायर होतात." मी वाकून बघितलं. सेकंड हँड ट्रेलर, आधीच्या मालकाचा डिटेक्टर, 2015 चा, सात वर्षांनी बदला असं त्यावरच छापलेलं. काकांनी काही म्हटलं नाही, नुसते कुत्र्याला थोपटत राहिले. एखादा माणूस बरोबर असण्यापेक्षा अशा वेळी बरोबर असणं फार वाईट.

मग होस्टने सिलिंडर बंद केला, आम्हाला 15 मिनिटं रस्त्यापलीकडे उभं केलं, आईसकट, आई शाल पांघरून, आणि येणारेजाणारे सायकलवरून बघतायत. होस्टने साबणाचं पाणी लावलं. माझंच साबणाचं पाणी, माझीच बाटली! बुडबुडा नाही. परत लावलं. नाही. "लुक्स ओके," म्हणाले आणि सिलिंडर फर्रकन उघडून दिला.

इथे खरा अन्याय झाला. ग्रिडलच्या कळा तशाच उघड्या होत्या. नळी सिलिंडरला ज्या नटने लागते त्यात एक सेफ्टी असते, कळा उघड्या असताना सिलिंडर एकदम उघडला की तिला वाटतं नळी फाटली, मग ती गॅस जेमतेम धुगधुगीपुरता सोडते. उपाय सोपाय, सगळं बंद करा, नळी काढा, जरा थांबा, परत लावून हळू उघडा. हे मला रात्री 11 ला फोनवर वाचून कळलं. तोवर उदबत्तीएवढ्या ज्योतीवर सहा थालीपिठं दीड तास होती. खालून वाळली, वरून कच्ची, मधे भाजणीची पेस्ट. पोरांनी ब्रेड-जॅम खाल्ला. मी ते थालीपीठ खाल्लं, हट्टाने.

आणि काका? काका दिलगीर वगैरे काही झाले नाहीत. "बेटर सेफ दॅन सॉरी" म्हणाले, जाऊन आपल्या कोळशावर लायटर फ्लुइड ओतायला लागले. पिचकारी मारावी तसं. रॉकेलसारखा वास, डोळे चुरचुरतायत, त्यावर मग स्टेक, आणि त्याला कुणी क्लिपबोर्ड घेऊन आलं नाही. सकाळी 7 ला अख्ख्या कॅम्पग्राउंडवर बेकनचा धूर असतो. तो वास नसतो, ती मॉर्निंग असते.

हा कोळसासुद्धा मूळचा मिशिगनचाच हं. हेन्री फोर्डच्या मोटारींना लाकूड लागायचं, त्याचा उरलेला चुरा वाया जाऊ नये म्हणून त्याने वर अप्पर पेनिन्सुलात, म्हणजे मिशिगनच्या उत्तरेकडच्या भागात, कारखाना काढला नि त्याच्या ब्रिकेट, म्हणजे कोळशाच्या वड्या, करून विकल्या. आणि हा फोर्ड स्वतः एडिसन, टायरवाला फायरस्टोन वगैरे मंडळी घेऊन कॅम्पिंगला जायचा, 1915 पासून 1924 पर्यंत, 1919 साली तर 50 गाड्यांचा ताफा, स्वयंपाकाची वेगळी गाडी, आचारी वेगळा. त्यांची 1922 ची लिंकन गाडी डिअरबॉर्नच्या म्युझियममध्ये ठेवलीये, मी दोनदा बघितलीये. त्या आचाऱ्याला कुणी गवतावर झोपून विचारलं नसेल.

मी उगाच मनाला लावून घेतो असं बायको म्हणते. असेल. पण अपार्टमेंटात राहायचो तेव्हा हिवाळ्यात सगळी जॅकेटं बेडरूमच्या कपाटात, कपाटाचं दार बंद, बेडरूमचं दार बंद, दाराखाली टॉवेल, आणि मगच फोडणी. तरी एकदा लिफ्टमध्ये एकीने नाकाला रुमाल लावला होता. मग घर घेतलं, तर एक्झॉस्ट शेजाऱ्याच्या डेककडे नको म्हणून वळवून घेतला, त्याचे वेगळे पैसे. मग म्हटलं उघड्या आभाळाखाली, एवढ्या मोठ्या तळ्याकाठी, जिथे पलीकडचा काठसुद्धा दिसत नाही, तिथे तरी चमचाभर हिंग मावेल. मुलगा आता म्हणतोय पुढच्या वेळी हॉट डॉग करू. हे मला त्या सरपटण्यापेक्षा जास्त लागलं, पण ते जाऊ दे.

रविवारी आणि सोमवारी होस्टची कार्ट आमच्या साइटसमोर आली की स्लो व्हायची. होस्ट थांबायचे नाहीत, नुसतं नाक वर करून पुढे जायचे. मी दोन्ही दिवस खिचडी केली, आत, फोडणीशिवाय. आईने त्याला पेशंटचं जेवण म्हटलं.

निघताना डम्प स्टेशनच्या, म्हणजे ट्रेलरचं सांडपाणी रिकामं करायच्या जागेच्या, लायनीत होस्ट खिडकीपाशी आले, क्लिपबोर्डवर आमचा साइट नंबर शोधला, आणि आत वाकून हसून विचारलं, "सो, एव्हरीथिंग ओके विथ द गॅस?"

मी तोंड उघडायच्या आत मागच्या सीटवरून आईने पोटावर हात फिरवला आणि मान डोलावली.

"गुड, गुड," आई म्हणाली. "आणि त्या शेजारच्यांना विचारा, लावला का हिंग?"