ओळख नसली तरी पोस्टर लावायचंच

आज जाम डोकं फिरलंय. गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजच्या कंपाऊंडवर पोरापोरींनी सकाळी हाताने रंगवलेली पोस्टरं लावली होती, परगावच्या विद्यापीठात फीवाढीविरोधात बसलेल्या पोरांसाठी. "तुम्ही एकटे नाही, नाशिक सोबत आहे", बस एवढंच. दुपारी गेले तर सगळी फाडून गटारीच्या कडेला, आणि शेजारी कुठल्याशा भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स जागच्या जागी!

वर आमच्या ग्रुपवर एकाचा मेसेज, तिकडच्या पोरांशी यांचा काय संबंध?

संबंध? २०१८ च्या मार्चमध्ये आपल्या नाशिकच्या सीबीएस चौकातून शेतकऱ्यांचा लाँग मार्च निघाला आणि मुंबईत पोचला तेव्हा तिथल्या लोकांनी पाणी आणलं, खायला आणलं, चपला आणून दिल्या, त्यांना कोणी विचारलं का संबंध काय म्हणून? तेव्हा तर सगळे स्टेटस टाकत होते.

२०१६ च्या जानेवारीत हैदराबाद विद्यापीठातल्या रोहित वेमुला या दलित संशोधक विद्यार्थ्यानं आत्महत्या केली तेव्हा आम्ही हॉस्टेलच्या पोरी रात्री कार्डशीट रंगवत बसलो होतो. चिकटवायला काही नव्हतं म्हणून मेसच्या मावशींकडे मैद्याची खळ मागितली. त्यांनी विचारलं, ओळखीचा होता का गं तुमच्या? आम्ही म्हटलं, नाही मावशी. तर म्हणाल्या, "मग घट्ट शिजवते, लवकर निघायला नको."

मावशींना कळलं ते या शिकलेल्या लोकांना कळत नाही.

१९६८ मध्ये फ्रान्सच्या सरकारनं कोन-बेंडिट या विद्यार्थी नेत्याला जर्मन म्हणून देशात यायला बंदी केली, तर पॅरिसच्या आर्ट कॉलेजातल्या पोरांनी त्याचा हसरा चेहरा छापला आणि लिहिलं, आपण सगळेच नकोसे! आपल्याकडे लग्नपत्रिका छापायचे तेच स्क्रीन प्रिंटिंग, आणि पोस्टरवर सही कोणाचीच नाही. २०२१ मध्ये म्यानमारमध्ये लष्करानं सत्ता बळकावली तेव्हा थायलंडच्या चित्रकारानं हाँगकाँग, तैवान, थायलंडच्या दुधाच्या चहाशेजारी म्यानमारचा चहा काढला, कारण दुधाचा चहा ही तिथल्या लोकशाहीसाठी लढणाऱ्या पोरांची एकजुटीची खूण. भाषा वेगळ्या, सरकारं वेगळी, यातली किती पोरं एकमेकांना भेटली असतील?

बरं, भिंत खराब होते, मान्य. पोस्टरनं फी कमी होत नाही, तेही मान्य. पण थंडीत मांडी घालून बसलेल्या पोराच्या फोनवर नाशिकच्या भिंतीचा फोटो जातो ना, त्या रात्री तो उठून घरी जात नाही, मी पाहिलंय असं.

वॉचमनकाकांवर राग नाही माझा. वरून सांगितलं असणार, नोकरी आहे त्यांची, फाडताना मान वर करत नव्हते म्हणे. राग आहे तो एसीत बसून फोन करणाऱ्यावर. पोरांनी शिवी लिहिली नव्हती, कोणाचं नाव नव्हतं, तरी एवढी भीती कशाची?

उद्या पोरं परत लावणार आहेत. आज सेलोटेप होती, एका ओढीत निघाली. खळ मी करून देतेय, मावशींसारखी घट्ट, त्यात कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. आणि कोणाकडे स्क्रीन प्रिंटिंगची जुनी फ्रेम, शाई ओढायची स्क्वीजी पडून असेल तर इनबॉक्स करा, हाताने रंगवून पुरत नाहीये.