छप्पर: डागडुजी की उचलबांगडी?

व्यापारी इमारतीच्या सपाट छपराची जबाबदारी ज्याच्या गळ्यात पडते, त्याला सल्ल्यांची वाण कधीच पडत नाही. आमच्या कार्यालयात गळती सुरू होताच कोटिंगवाल्याने "लेप मारा, छप्पर नव्यासारखे होईल" असा निर्वाळा दिला, नव्या छपराची कामे घेणाऱ्याने सगळे उखडल्याशिवाय गत्यंतर नसल्याचे सुनावले आणि हिशेब विभागाने पाऊस थांबेपर्यंत वाट पाहण्याचा बिनखर्ची तोडगा सुचवला. शिडी चढण्याची तसदी मात्र तिघांपैकी एकानेही घेतली नव्हती.

अखेर मीच वर गेलो. गळती मोठी बेरकी असते: पाणी शिरते कठड्यालगतच्या जोडातून, थराखालून वाट काढत दूरवर जाते आणि टपकते ते नेमके साहेबांच्या टेबलावर, त्यामुळे टेबलाच्या बरोबर वर डांबर फासणाऱ्यांची डाळ सहसा शिजत नाही. मधला विस्तीर्ण भाग ठणठणीत होता. दुखणे होते ते कडेला: कठड्याजवळचा पट्टा सुटलेला, पाइपांभोवतीचे सील तडकलेले आणि पाण्याच्या निचऱ्याच्या तोंडाशी कबुतरांचा भरला संसार. पाऊस थांबून 48 तास उलटले तरी डबके हटत नसेल, तर उतारात किंवा निचऱ्यात दोष आहे असे धरतात.

खरा निकाल मात्र आतल्या इन्सुलेशनच्या, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या थरात लागतो. तो ओला असताना वरून लेप मारला, तर आत कोंडलेल्या ओलाव्याची उन्हात वाफ होते आणि लेपाला फुगे येतात. म्हणून सूर्यास्तानंतर इन्फ्रारेड कॅमेऱ्याने पाहणी करतात; दिवसभर तापलेला ओला भाग कोरड्यापेक्षा उशिरा निवतो आणि चित्रात उठून दिसतो. मग तेथे तुकडा कापून खात्री करून घ्यायची. ओल छपराच्या साधारण चौथाई भागाच्या आत असेल तर तेवढा भाग बदलून डागडुजी करावी, त्याहून अधिक असेल किंवा खालचा आधारच गंजला असेल तर उखडावे, असा या व्यवसायातला ठोकताळा आहे. आमची ओल दोन कोपऱ्यांपुरतीच निघाली. उखडण्याचा आग्रह धरणाऱ्याने कोरडा तुकडा हातात घेऊन "हा नेमका चांगला निघाला" असे म्हणत निरोप घेतला.

कोटिंगवाल्याने लगेच बाह्या सरसावल्या. मी आधी चाचणीपुरता लेप मारून त्यात कापडाची पट्टी बसवायला आणि वाळल्यावर ती ओढून पाहायला सांगितले. पट्टी जुन्या धुळीसकट अलगद हातात आली. छपराची धुलाई त्याच्या दरपत्रकात, अर्थातच, नव्हती.