वाट पाहीन, पण सातवाच वाचीन

तेहतीस वर्षांचा, लग्न झालेला, विमा कंपनीच्या हिशेब खात्यात खर्डेघाशी करणारा माणूस कशाची तरी आतुरतेने वाट बघतोय म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर प्रमोशन येतं, नाहीतर पाळणा. २००७ साली मी यातल्या कशाचीच वाट बघत नव्हतो. मी हॅरी पॉटरच्या सातव्या आणि शेवटच्या भागाची वाट बघत होतो, आणि हे चारचौघांत सांगायची सोय नव्हती.

एकदा चुकून सांगितलं. सकाळच्या डोंबिवली फास्टमध्ये आमच्या ग्रुपमधला एकजण म्हणाला, "काय रे, हल्ली लक्ष कुठे असतं?" मी बेसावध. बोलून गेलो, "सातवा आहे ना जुलैत." ठाणं यायच्या आत डबाभर अभिनंदन झालं. खिडकीवाल्या काकांनी वहिनींना जड उचलू देऊ नकोस म्हणून बजावलं. घाटकोपरला पेढ्यांचा विषय निघाला. खुलासा करावा असं मनात होतं, पण 'तसं काही नाही हो, मी पोराटोरांचं पुस्तक वाचतो' हे वाक्य गच्च भरलेल्या लोकलमध्ये मोठ्याने म्हणायला लागणारं धैर्य माझ्याकडे नव्हतं. पुढे कित्येक दिवस मी बायकोच्या तब्येतीचं खोटं वर्तमान देत होतो.

या सगळ्याच्या मुळाशी माझा भाचा. २००१च्या मे महिन्यात तो सुट्टीला आला आणि जाताना पहिला भाग आमच्याकडे विसरून गेला. परत करण्याआधी सहज चाळावा म्हणून मी तो उघडला. पुढचे तीन भाग बाजारात होतेच, ते लागोपाठ संपवले. खरा त्रास त्यानंतर सुरू झाला. पाचव्यासाठी २००३चा जून उजाडावा लागला, सहाव्यासाठी २००५चा जुलै. तेवढ्यात भाचा दहावी झाला, क्लासला लागला, आणि पॉटरचं नाव काढलं की "अजून वाचतोस मामा?" असं विचारू लागला. पोराला गोवर निघावा, त्याच्यापायी घरातल्या मोठ्याला लागावा आणि पोरगं बरं होऊन खेळायला पळावं, त्यातली गत.

सहावा भाग मी कसा वाचला, हे कुणाला खोटं वाटेल. तो आला १६ जुलै २००५ला. मी पुरवून पुरवून, फक्त लोकलमध्ये वाचत होतो आणि दहाव्या दिवशी, म्हणजे २६ जुलैला, शेवटच्या शंभर पानांवर होतो. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आमची गाडी सायन आणि कुर्ल्याच्या मधे जी थांबली ती थांबलीच. रुळांवर उतरलो तेव्हा पाणी गुडघ्याला होतं, नंतर कमरेला. वसुदेवाने टोपली धरावी तशी मी बॅग डोक्यावर धरली होती. बॅगेत पगाराची स्लिप होती, डबा होता, पण जीव अडकला होता तो पुस्तकात. एका शाळेच्या व्हरांड्यात रात्र काढली आणि तिथे एका सद्गृहस्थाच्या टॉर्चवर उरलेली पानं संपवली. "परीक्षा आहे का?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. घरी आल्यावर बायकोने पुस्तकावर इस्त्री फिरवून पाहिली. उपयोग झाला नाही. माझा सहावा भाग आजही दिवाळी अंकांच्या गठ्ठ्याएवढा फुगलेला आहे.

त्या व्हरांड्यात, त्या टॉर्चच्या उजेडात, स्नेपने डम्बलडोरचा जीव घेतला. एका मास्तराने आपल्या हेडमास्तरालाच मारलं. आता प्रश्न एवढाच होता, की स्नेप खरंच उलटला, की हेही म्हाताऱ्यानेच सांगून करवून घेतलं? यावर जगभर दोन तट पडले होते. आमच्या घरातही पडले. बायकोचं मत, ज्याला केस धुवायची अक्कल नाही तो मनाचा कसा स्वच्छ असेल. आई स्नेपच्या बाजूने. तिने तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं होतं. "तिरसट मास्तर आतून वाईट नसतात," ती म्हणायची, "गोडबोले असतात ते बघ." तिने पुस्तक वाचलं नव्हतं, मीच जेवताना सांगितलेली गोष्ट तिने ऐकली होती. तशी ती भरपूर वाचायची, मात्र कुठलीही कादंबरी वाचनालयातून आणली की आधी शेवटचं पान बघायची. नायिका मरणार असेल तर तिच्यात जीव कशाला गुंतवायचा, हा तिचा रोखठोक व्यवहार.

शेवटच्या भागाचं नाव २१ डिसेंबर २००६ला फुटलं, तेही लेखिका रोलिंगबाईंच्या संकेतस्थळावर एक एक अक्षर ओळखायच्या खेळातून. मी ऑफिसात बसून अक्षरं ओळखत होतो आणि साहेबांना वाटत होतं, ताळेबंद जुळवतोय. मग १ फेब्रुवारीला तारीख जाहीर झाली, २१ जुलै. मी कॅलेंडर घेऊन मोजलं: १७० दिवस. मार्च एंड आला नि गेला. आणि त्यात त्या वर्षी अधिक ज्येष्ठ! वाट बघणाऱ्याच्या पंचांगात एक अख्खा महिना जास्तीचा. धोंड्याच्या जेवणाला सासूबाईंनी ३३ अनारसे वाढले आणि विचारलं, "जावईबापू, मनात काय आहे ते सांगा हो." मी सांगितलं. त्यांनी चांदीचं निरांजन दिलं.

हे १७० दिवस मी रिकामा बसलो नाही. सहाव्या भागात लॉकेटमधल्या चिठ्ठीखाली 'आर. ए. बी.' अशी सही होती. हा कोण, यावर जगभरचे वाचक डोकं फोडत होते, त्यात एका हुशाराच्या लक्षात आलं की डच भाषांतरात ही सही 'आर. ए. झेड.' अशी आहे आणि नॉर्वेजियनमध्ये 'आर. ए. एस.'. म्हणजे आडनाव भाषेप्रमाणे बदलतंय. म्हणजे आडनाव ब्लॅक! कारण डचमध्ये काळ्याला 'झ्वार्ट' म्हणतात. ज्या माणसाला डोंबिवलीत राहून शेजारच्या भाजीवाल्याची गुजराती कळत नव्हती, तो हॉलंडमधले रंग शिकला. अपघाती विम्याची एखादी फाईल मी इतक्या बारकाईने तपासली असती तर खरोखरच प्रमोशन मिळालं असतं.

शेवटचा आठवडा फार वाईट गेला. कुणीतरी अख्ख्या पुस्तकाचे पानापानाचे फोटो काढून इंटरनेटवर टाकले. अमेरिकेतल्या एका बड्या वर्तमानपत्राने दोन दिवस आधीच परीक्षण छापून टाकलं. मी ऑफिसचा कॉम्प्युटर बघणं बंद केलं, घरी टीव्हीवरच्या बातम्या बंद केल्या. बायकोने लावल्याच तर आवाज बंद ठेवून नुसतं चित्र बघायचं की नाही, यावर आमचं भांडण झालं. लोकलमध्ये कानात कापूस. "काय रे, कान दुखतोय?" काकांनी खुणेने विचारलं. मी होकार दिला. "तिला सर्दी होऊ देऊ नकोस," काका म्हणाले. हे मात्र कापसातूनही ऐकू आलं.

समाधानाची बाब एकच होती. पुस्तक लंडनच्या मध्यरात्री निघणार होतं, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेचार. अमेरिकेत मात्र तिथली मध्यरात्र होईपर्यंत थांबायचं होतं. चुलतभाऊ न्यू जर्सीत राहतो आणि दर फोनला तिथे काय काय आधी मिळतं ते ऐकवतो. आयुष्यात पहिल्यांदाच एक वस्तू न्यू जर्सीच्या पाच तास आधी डोंबिवलीला मिळणार होती.

मिळणार होती, म्हणजे दुकानदाराने उघडलं तर. स्टेशनजवळच्या ज्या दुकानात मी नाव नोंदवलं होतं, तिथे जुलै म्हणजे वह्या-गाईडांचा हंगाम. शुक्रवारी संध्याकाळी गेलो तर खोकं आलेलं. मालक त्यावर पाय ठेवून बसले होते.

"काका, त्यात सातवा आहे ना?"

"आहे. पण वेळेआधी फोडायचं नाही, तसं लिहून दिलंय वरपर्यंत."

"मग पहाटे साडेचारला येऊ?"

"साडेचारला उघडून काय काकडआरती करू इथे? आंघोळ, पूजा, मग दुकान. साडेनऊ."

"काका, न्यू जर्सी साडेनऊला—"

शेवटी सातवर तोडगा निघाला. मी साडेपाचलाच शटरसमोर जाऊन उभा राहिलो, छत्री धरून. माझ्यानंतर एक कॉलेजची मुलगी आली, मग एक शाळकरी मुलगा त्याच्या बाबांना घेऊन. बाबांनी माझ्याकडे बघून विचारलं, "तुम्हीही मुलासाठीच का?" मी हो म्हटलं. त्या वर्षी मी एका न झालेल्या मुलाच्या नावावर किती खोटं बोललो, याचा हिशेब चित्रगुप्ताकडे असेलच. सात वाजून दहा मिनिटांनी शटर वर गेलं, खोकं फुटलं. अमेरिकेत पहिल्या चोवीस तासांत ८३ लाख प्रती खपल्या म्हणे. आमच्या दुकानात चार आल्या होत्या. पुस्तक ९७५ रुपयांचं, हजारातले सुटे पंचवीस परत करायला मालकांनी सावकाश गल्ला धुंडाळला. मी "राहू द्या" म्हणून निघालो. आमच्या घराण्यात असं पूर्वी कुणी केलेलं नाही.

घरी आलो. ६०७ पानं. शनिवार, रजा टाकलेली, फोन काढून ठेवलेला, बायकोला चहाखेरीज काही विचारू नकोस म्हणून सांगितलेलं. पुस्तक टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, आता घाई नाही, आंघोळ उरकून नीट मांडी घालून बसू. दहा मिनिटं. फार तर बारा.

टॉवेल गुंडाळून बाहेर आलो तर आई खिडकीपाशी खुर्चीत, डोळ्यांवर चष्मा, मांडीवर सातवा. शेवटाकडून उघडलेला.

"आई!"

"अरे, नुसतं बघितलं. काळजी करू नकोस, शेवट गोड आहे. पोरांना शाळेत सोडायला स्टेशनवर गेलाय तो."

मी दोन्ही कानांवर हात ठेवले. टॉवेल सुटायला लागला म्हणून एक काढावा लागला, आणि तेवढ्या एका कानाने घात केला.

"आणि मी म्हणत नव्हते? मुलाचं नाव ठेवलंय बघ, त्या म्हाताऱ्यांचं आणि तुझ्या त्या तेलकट मास्तरांचं. बारशाला कुणी दुश्मनाचं नाव ठेवतं का?" आईने चष्मा काढून पदराने पुसला. तिच्या चेहऱ्यावर शाळेचा शंभर टक्के निकाल लागल्यासारखं तेज होतं. "शिवाय पुढे हेडमास्तरही झाले होते म्हणे. सीनियॉरिटीनेच मिळालं असणार."