नऊ इंचांच्या आतलं सगळं चालतं?

घोडबंदर रोडच्या टॉवरांपासून खारघरच्या सेक्टरांपर्यंत सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. मजकूर लांबलचक आहे, सांगणं थोडक्यात असं. शस्त्र बाळगणं हा आपला हक्क होता, इंग्रजांनी तो १८७८ मध्ये हिरावला आणि खुद्द गांधीजींनीही त्याचा निषेध केला. नऊ इंचांपेक्षा लहान पात्याला कुठलाच कायदा लागत नाही, कोयता तर शेतीचं अवजार आणि तलवार ही आपली परंपरा. स्वसंरक्षण कायदेशीर आहे, म्हणजे त्यासाठी हत्यार जवळ ठेवणंही कायदेशीर. मिरचीच्या स्प्रेला परवाना लागतो, त्यापेक्षा गाडीत घडीचा स्टीलचा दांडा ठेवा, ऑनलाइन मिळतो. स्वित्झर्लंडमध्ये घरोघरी बंदूक आहे म्हणून तिथे कुणी कुणाच्या वाटेला जात नाही. आणि शेवटी, कायदा फक्त सज्जनांना निःशस्त्र करतो, सबब प्रत्येक सोसायटीने आपलं 'रक्षक दल' उभारावं.

लिहिणाऱ्याने अभ्यास केलेला दिसतो. अर्धाच केलाय, आणि अशा बाबतीत अर्ध्याचंच भय जास्त.

सुरुवात नऊ इंचांपासून करतो, कारण याच वाक्यावर विसंबून एखादा पोरगा कमरेला चाकू लावून बाहेर पडेल. आकडा खोटा नाही. शस्त्र नियम २०१६ च्या पहिल्या अनुसूचीत बंदुकांखेरीजच्या हत्यारांचा पाचवा वर्ग आहे, तिथे तो येतो. पण तिथे 'नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद' असं लिहिलंय. रुंदीचा अर्धा भाग मेसेजमधून गळालाय. सहा इंच लांब आणि अडीच इंच रुंद पातं घेऊन फिरणाऱ्याला नऊ इंचांचा आधार नाही. शिवाय ही मोजमापं चाकूसारख्या पात्यांसाठी आहेत. तलवार, गुप्ती, खंजीर, भाला यांची नावं त्याच ओळीत सरळ घेतलेली आहेत. तलवार आखूड करून घेतली म्हणून ती सुरी होत नाही.

एक गोष्ट मात्र मेसेजवाल्याच्या बाजूने सांगायला हवी. अशा हत्यारांना परवान्याची सक्ती करणारं शस्त्र कायद्याचं कलम ४ हे केंद्राने एखाद्या भागासाठी अधिसूचना काढली तरच तिथे लागू होतं, आणि बचावाचे वकील कोर्टात हा मुद्दा काढतातही. तो मुद्दा तुमच्या वकिलाने मांडेपर्यंत तुम्ही अटक, जामीन आणि तारखा यांतून गेलेले असता, एवढं फक्त लक्षात ठेवा.

पण खरी गोम पुढे आहे. मेसेज लिहिणारा दिल्लीच्या, म्हणजे केंद्राच्या, कायद्यापाशी थांबला. आपण ठाण्यात राहतो, आणि इथे महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ लागू आहे, ज्याला जुने लोक अजून मुंबई पोलीस कायदा म्हणतात. त्याच्या कलम ३७(१) खाली पोलीस आयुक्त मनाई आदेश काढू शकतात. त्या कलमातली यादी वाचा: शस्त्रं, सोटे, तलवारी, भाले, बंदुका, चाकू, काठ्या, लाठ्या आणि 'शारीरिक इजा करण्यासाठी वापरता येईल अशी कोणतीही वस्तू'. पुढे दाहक पदार्थ आहेत, स्फोटकं आहेत, फेकून मारायचे दगड जमवणंसुद्धा आहे. इंचांचा उल्लेख कुठेही नाही. आदेश चालू असताना तीन इंचांचा चाकूही त्यात येतो. तो पोलिसाने काढून घेतला की सरकारजमा, आणि कलम १३५ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद. विशेष कारण नोंदवलं नाही तर चार महिन्यांहून कमी शिक्षा देता येत नाही.

हे आदेश आणीबाणीत कधीतरी निघतात असं कुणाला वाटत असेल तर तसं नाही. ठाणे आयुक्तालय म्हणजे कळवा-मुंब्र्यापासून भिवंडी, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, पार बदलापूरपर्यंतचा पट्टा, आणि नवी मुंबई आयुक्तालयात पनवेल-उरणही येतं. दोन्हीकडे सण, मोर्चे, जयंत्या, निवडणुका असं काही ना काही कारण असतंच, आणि साधारण पंधरा-पंधरा दिवसांचे आदेश निघत राहतात. वर्तमानपत्रात कोपऱ्यात चार ओळींची बातमी येते. म्हणूनच हत्यारासह पकडल्याच्या बातमीत 'शस्त्र अधिनियम ४, २५ सह महाराष्ट्र पोलीस अधिनियम ३७(१), १३५' ही शेपटी इतक्या वेळा दिसते.

माझी स्वतःची तक्रार इथे आहे. वर्षभर ज्या आदेशाखाली लोक राहतात तो त्यांना माहीतच नसावा, ही पद्धत काही चांगली नाही. आदेश आजच्या तारखेला चालू आहे की नाही हे दोन मिनिटांत कळलं पाहिजे. यावर कुणी मेसेज लिहिला तर मीच तो पुढे पाठवीन.

कोयत्याचंही उत्तर यातच आलं. शस्त्राच्या व्याख्येतून निव्वळ घरगुती किंवा शेतीसाठी बनवलेल्या वस्तू वगळल्यात, हे बरोबर. नारळवाल्याचा कोयता, मासळी बाजारातल्या मावशींची सुरी यांना कुणी हात लावत नाही. पण ३७(१) मध्ये वस्तू कशासाठी बनवली याला महत्त्व नाही, ती इजा करायला वापरता येते का एवढंच बघतात. रात्री अकराला दुचाकीवर मागे बसून कोयता मिरवणाऱ्याने शेतीचं नाव काढू नये. त्याच कायद्याचं कलम १२२ सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत गुन्ह्याच्या इराद्याने घातक हत्यार घेऊन सापडणाऱ्यांसाठी वेगळं ठेवलेलं आहे.

तलवार आणि परंपरा. यावर फार बोलायची गरज नाही, ठाण्यातलंच उदाहरण आहे. १२ एप्रिल २०२२ ला गडकरी रंगायतनजवळच्या सभेत राज ठाकरे यांनी व्यासपीठावर भेट मिळालेली तलवार उंचावून दाखवली, आणि नौपाडा पोलीस ठाण्यात त्यांच्यासह पक्षाच्या इतरांवर शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला. त्याच्या थोडे दिवस आधी मुंबईत वांद्र्याच्या कार्यक्रमात तलवारी दाखवल्या म्हणून काँग्रेसच्या नेत्यांवरही नोंदवला गेला होता. पक्ष कुठलाही असो, इतक्या मोठ्या माणसांना परंपरा उपयोगी पडली नाही, तर तलवारीने केक कापून रील टाकणाऱ्या वाढदिवसाच्या पोराला कोण विचारतो? घटनेने नाव घेऊन मुभा दिलीय ती शिखांच्या कृपाणाला, अनुच्छेद २५ च्या स्पष्टीकरणात. आणखी कुणाला नाही.

आता हक्काची गोष्ट, कारण मेसेजमध्ये ती सगळ्यात रंगवून सांगितलीय. इंग्रजांनी १८७८ मध्ये शस्त्र कायदा आणला, हे खरं. त्यात गोऱ्यांना मोकळीक आणि हिंदी माणसाला परवाना असा उघड भेद होता, त्याचा राग रास्तच होता. गांधीजींचं त्याच्या निषेधाचं वाक्यही खरं आहे, पण ते कुठलं ते बघा. पहिल्या महायुद्धात, १९१८ साली, इंग्रज सैन्यात भरती व्हा असं सांगण्यासाठी त्यांनी काढलेल्या पत्रकातलं ते वाक्य. सरकारला अडचणीच्या वेळी मदत केली तर अविश्वास जाईल आणि शस्त्रबंदी उठेल, असा त्यांचा युक्तिवाद होता. भरतीच्या पत्रकातून उचलून ते पार्किंगच्या भांडणात आणायचं म्हणजे कमाल आहे.

मेसेजवाल्याला याहून चांगला पुरावा मिळाला असता, त्याने शोधला नाही. १९३१ च्या कराची काँग्रेसच्या ठरावात, नियमांना धरून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घातला होता. त्याच आधारावर संविधान सभेत १९४८ च्या डिसेंबरात ह. वि. कामत यांनी तशी दुरुस्ती सुचवली. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला. त्यांचं म्हणणं असं की कुणीही बाजारात जाऊन हवी ती हत्यारं बिनदिक्कत विकत घेऊ लागला तर राज्यकारभार चालणार कसा हे मला समजत नाही, आणि आग्रह धरायचाच तर शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा नव्हे, देशासाठी शस्त्र धरण्याच्या कर्तव्याचा धरा. दुरुस्ती फेटाळली गेली. म्हणजे हा हक्क इंग्रजांनी काढून घेतला आणि आपण परत घ्यायला विसरलो असं झालेलं नाही. आपल्याच लोकांनी चर्चा करून, जाणूनबुजून तो घेतला नाही. उलट अनुच्छेद १९ मध्ये एकत्र जमण्याचा हक्क देतानाच 'शांततेने व विनाशस्त्र' असे शब्द घातले. १९५९ चा शस्त्र कायदा आपल्या संसदेचा, त्यात वंशभेद नाही. आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये उत्तर प्रदेशातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंच, की अमेरिकेसारखा शस्त्र बाळगण्याचा मूलभूत हक्क इथे नाही.

स्वसंरक्षणाचा मुद्दा यापेक्षा गंभीर आहे, कारण त्यामागची भीती खरी आहे. रात्री पाम बीच रोडवर रिक्षा बंद पडलेल्या बाईला अनुच्छेदांचे आकडे ऐकवून भागत नाही. म्हणून कायदा काय देतो ते नीट बघू. भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ खासगी बचावाची आहेत, जुन्या दंडसंहितेत ती ९६ ते १०६ होती. जीव जाण्याची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती असेल, बलात्कार, अपहरण किंवा अ‍ॅसिडचा हल्ला होत असेल, तर हल्लेखोराचा जीव गेला तरी तो गुन्हा ठरत नाही. समोरून वार होत असताना बचाव करणाऱ्याची कृती सोन्याच्या काट्यावर तोलू नये, असं सर्वोच्च न्यायालय पूर्वीपासून सांगत आलंय. हा अधिकार लहान नाही. पण तो त्या क्षणापुरता, त्या कृतीपुरता आहे. हेल्मेट मारा, छत्री मारा, हाताला लागेल ते मारा. हल्ला कधीतरी होईल म्हणून रोज खिशात खंजीर ठेवायला तो परवानगी देत नाही. संहितेच्या कलम ३७ प्रमाणे (आकडा सारखाच आहे, मघाच्या ३७ शी गोंधळ करू नका) पोलिसांकडे जायला वेळ होता तेव्हा हा अधिकार मिळत नाही, आणि गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही. घरी जाऊन हत्यार आणून परत येणारा माणूस बचाव करत नसतो.

स्वित्झर्लंडचं लवकर उरकतो. तिथल्या राखीव सैनिकांची रायफल घरी असते, खरं. पण २००७ पासून त्यासोबतच्या गोळ्या घरी ठेवायला देणं बंद झालं, आणि भरलेलं हत्यार रस्त्यावर घेऊन फिरायला वेगळा परवाना, गरजेचा पुरावा आणि परीक्षा लागते. मेसेज ज्याला स्वर्ग म्हणतो तिथेही कमरेला पिस्तूल लावून दूध आणायला जाता येत नाही.

राहिलं 'कायदा फक्त सज्जनांना निःशस्त्र करतो'. या वाक्यात माणसांचे दोन कायमचे गट धरलेत, सज्जन आणि गुंड. २ फेब्रुवारी २०२४ ला उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात जमिनीच्या वादातून गोळीबार झाला. आरोपी कोण? कल्याण पूर्वचे तेव्हाचे आमदार. पिस्तूल परवान्याचं. जागा वरिष्ठ निरीक्षकांची केबिन, आजूबाजूला पोलीस. जखमी झाले तेही राजकारणातले वजनदार पुढारी. खटल्याचा निकाल न्यायालय देईल. पण 'समोरच्याकडे हत्यार असेल तर कुणी हिंमत करणार नाही' हा सिद्धांत कुठे टिकायचा असेल तर तो पोलीस ठाण्यात टिकायला हवा होता. अमेरिकेत टेक्सासच्या उवाल्डेमध्ये मे २०२२ ला शाळेत १९ मुलं आणि २ शिक्षिका मारल्या गेल्या, तेव्हा तिथे पोहोचलेले सशस्त्र पोलीस पावणेचारशेच्या आसपास होते, आणि हल्लेखोराला गाठायला ७७ मिनिटं गेली. हत्यार जवळ असणं आणि योग्य क्षणी योग्य माणसावर ते चालवता येणं यांत पुष्कळ अंतर आहे. राग आलेला माणूस मात्र ते लगेच काढतो.

परवाना असला तरी मिरवता येत नाही, हेही मेसेजमध्ये नाही. सार्वजनिक जागी पिस्तूल होल्स्टरमध्ये आणि पूर्ण झाकलेलं हवं. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढला आणि त्याने कुणाच्या जिवाला धोका झाला, तर २०१९ च्या दुरुस्तीपासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याच दुरुस्तीने एका माणसाकडच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली.

रक्षक दलवाल्यांनी एवढंच बघावं: मनाई आदेश चालू असताना रात्री आठ-दहा जण काठ्या घेऊन गेटबाहेर फिरले तर गुन्हा कुणावर, आणि ज्या परिपत्रकावरून ते फिरले त्यावर सही कुणाची. सेक्रेटरी साहेबांनी सहीआधी ३७(१) एकदा मोठ्याने वाचावं. आदेशांत सवलत साधारणपणे कर्तव्यावरच्या सरकारी नोकरांना आणि चालायला काठी लागणाऱ्या वृद्ध-अपंगांना असते.

गाडीतला घडीचा दांडा तर मुळात पाचव्या वर्गातच आहे, 'स्टील बॅटन' अशी स्वतंत्र नोंद आहे. ऑनलाइन मिळतो म्हणून कायदेशीर, हा तर्क तर अगदीच कच्चा. २०२२ मध्ये पुणे-औरंगाबादकडे कुरिअरच्या पार्सलांतून तलवारी निघाल्या होत्या, त्याही कुणीतरी मागवलेल्याच होत्या.

मेसेजभर फक्त एकाच वस्तूला परवाना लागतो म्हटलंय, मिरचीच्या स्प्रेला. नेमका त्यालाच लागत नाही. घ्या, पर्समध्ये तळाशी न ठेवता हाताशी ठेवा, डब्यावरची मुदत संपली की बदला, विमानात हातातल्या सामानात नेऊ नका. आणि तो भांडणात वापरू नका: जिवाला तातडीचा धोका नसताना स्प्रे मारला म्हणून झालेली केस रद्द करायला कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये नकार दिलाय.