‘हात लावला नाही, मग डांबलं कुठे?’

‘चोरीचा संशय आला की दुकानदार गिऱ्हाइकाला थांबवून ठेवू शकतो. अंगाला हात लावला नाही, दाराला कुलूप घातलं नाही आणि चोवीस तासांत सोडलं, तर केस होत नाही. झालीच तर तीन वर्षांत कधीही दावा लावा.’ लक्ष्मी रोडच्या व्यापाऱ्यांपासून कोथरूडच्या सोसायट्यांपर्यंत हा मेसेज फिरतोय. आत्मविश्वास दांडगा, कायदा मात्र चुकीचा.

आधी हात आणि कुलूप. भारतीय न्याय संहितेच्या कलम 127 (बेकायदा डांबून ठेवणं) खालीच उदाहरण आहे: इमारतीच्या दारांवर बंदूकधारी उभे केले आणि ‘बाहेर पडलास तर गोळी घालू’ म्हटलं, की झालं डांबणं. मग गोदामाशेजारच्या खोलीत एखाद्या गिऱ्हाईक बाईंना बसवून, दारात दोन गार्ड ठेवून ‘पर्स उघडल्याशिवाय सोडणार नाही’ असा दम देणं वेगळं कसं? हां, ‘जरा थांबता का?’ म्हटल्यावर आपणहून बसलात किंवा दुसरं दार उघडं असल्याचं ठाऊक होतं, तर दावा लंगडा पडतो. अडवणूक चहूबाजूंनी हवी. एकच वाट अडवली तर कलम 126 (बेकायदा अडवणूक), शिक्षा बरीच कमी.

चोवीस तासांची मुदत पोलिसांना आहे, आरोपीला मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायला. दुकानदाराचा तिच्याशी संबंध नाही. दहा मिनिटंही डांबणंच.

खरी गफलत संशयाची. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याचं, कलम 40 खासगी माणसाला अटकेचा अधिकार देतं, पण फरार घोषित आरोपी सोडला तर गुन्हा त्याच्यासमोर घडलेला हवा, तोही दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) आणि अजामीनपात्र (जामीन हक्काने मिळत नाही असा). शिवाय सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यायचं. आता गंमत बघा: 1 जुलै 2024 पासूनच्या नव्या कायद्यात 5,000 रुपयांच्या आतली साधी चोरी अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे. म्हणजे आठशेची ओढणी पर्समध्ये जाताना गार्डने स्वतः पाहिली, तरी या कलमाचा आधार त्याला मिळेलच असं नाही. नुसत्या संशयाचं तर बोलायलाच नको.

भरपाईच्या दाव्यात मारहाण किंवा पैशाचं नुकसान दाखवावं लागत नाही. मुदत मात्र तीन वर्षं नाही: मुदत कायदा, 1963 च्या अनुच्छेद 73 प्रमाणे सुटल्यापासून एक वर्ष. तीन वर्षांच्या भरवशावर शिवाजीनगर कोर्टात गेलात तर दावा मुदतबाह्य. सीसीटीव्हीचं फुटेज तर त्याच्या कितीतरी आधी पुसलं जातं. ते जपून ठेवा असं दुकानाला लगेच लेखी कळवा आणि पोच घ्या.